रंगांची मुभा आणि लिपीचा अधिकार : स्मार्टफोनच्या कार्यप्रणालीची चिकित्सा

बीजसंज्ञा : स्मार्टफोन, कार्यप्रणाली, कळफलक, देवनागरी, वापरकर्त्याचे स्वातंत्र्य, स्पर्धा कायदा

प्रस्तावना

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्झ यांनी पहिला आयफोन जगापुढे ठेवला. त्या यंत्रात वापरकर्त्याने बदलावे असे फारसे काही नव्हते. बाहेरच्या कोणाचे ॲप त्यात बसवण्याची सोय नव्हती. ॲप स्टोअर उघडले ते जुलै २००८ मध्ये. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची साधी सोय २००९ मध्ये आली आणि होम स्क्रीनमागचे काळे पटल हटवून तेथे आवडीचे चित्र लावण्यासाठी २०१० मधील चौथ्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. २००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइडने उलटा पवित्रा घेतला. एप्रिल २००९ मधील १.५ या आवृत्तीतच पडद्यावरचा कळफलक काढून त्याजागी दुसऱ्या कोणी तयार केलेला कळफलक बसवण्याची मुभा तिने दिली. होम स्क्रीनवर विजेट ठेवण्याची सोयही याच आवृत्तीत होती.

ज्याला व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम म्हटले जाते त्या कार्यप्रणालीने वापरकर्त्याला अधिक फेरबदल करू द्यावेत काय, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे. फोन विकत घेणाऱ्याचा आहे, तेव्हा त्यावर मालकी त्याचीच असली पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, सर्वसामान्य माणसाला सुरक्षित, सुबोध आणि न बिघडणारे साधन हवे असते. शेकडो पर्यायांचे ओझे त्याच्यावर टाकणे हा स्वातंत्र्याचा केवळ आभास आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तथापि दोघांच्याही मांडणीत एक समान दोष आढळतो. ‘फेरबदल’ या एकाच शब्दाखाली ते अगदी भिन्न जातीच्या गोष्टी मोजतात. चिन्हांचा रंग बदलणे आणि कळफलक बदलणे या दोन्ही क्रिया ‘सेटिंग्ज’ या एकाच दालनात घडतात, म्हणून त्यांचे मोल सारखे ठरत नाही. पहिलीमुळे फोन वेगळा दिसतो. दुसरीमुळे माणूस काय आणि कसे लिहू शकतो, हे ठरते.

संगणकाची आज्ञावली ही कायद्याप्रमाणेच माणसाच्या वर्तनाचे नियमन करते, असे लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ मध्ये प्रतिपादन केले होते. त्याआधी, १९८० मध्ये, वस्तूंच्या रचनेतही राजकारण असते काय, असा प्रश्न लँग्डन विनर यांनी उपस्थित केला होता. स्मार्टफोनच्या बाबतीत हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात त्याची तपासणी मराठी लिहिणाऱ्या वापरकर्त्याच्या गरजेच्या कसोटीवर केली आहे. कारण इंग्रजीत लिहिणाऱ्याला जी मर्यादा जाणवतही नाही ती येथे स्पष्ट दिसते.

रूपाची उधळण

सप्टेंबर २०२० मध्ये आयओएसची चौदावी आवृत्ती आली आणि आयफोनच्या होम स्क्रीनवर प्रथमच विजेट ठेवता येऊ लागले. त्यानंतर जे घडले ते अभ्यासण्याजोगे आहे. हजारो वापरकर्त्यांनी आपल्या ॲपची चिन्हे बदलून होम स्क्रीनला एकाच रंगसंगतीचे रूप दिले. वास्तविक चिन्ह बदलण्याची सोय कार्यप्रणालीत नव्हतीच. ‘शॉर्टकट्स’ नावाच्या ॲपमध्ये एक आडवाट तयार करायची, तिला हवे ते चित्र द्यायचे आणि मूळ ॲप नजरेआड करायचे, असा तो द्राविडी प्राणायाम होता. लोकांनी तो आनंदाने केला. फेरबदलाची हौस ही मूठभर तंत्रवेड्यांची असते हा समज या एका घटनेने पुरता खोटा ठरवला.

ॲपलने या हौसेची दखल घेतली. २०२२ मधील सोळाव्या आवृत्तीत लॉक स्क्रीनवरील घड्याळाचा फॉन्ट व रंग बदलता येऊ लागला. २०२४ मधील अठराव्या आवृत्तीत चिन्हे पडद्यावर हवी तेथे, मध्ये मोकळी जागा सोडून, ठेवता येऊ लागली व त्यांना एकाच रंगाची छटाही देता येऊ लागली. मोकळी जागा सोडता येणे ही सतरा वर्षांनी लाभलेली देणगी ठरावी, यातला विनोद अँड्रॉइडच्या वापरकर्त्यांच्या नजरेतून सुटला नाही. अँड्रॉइडनेही २०२१ मधील बाराव्या आवृत्तीत वॉलपेपरमधील रंग उचलून संपूर्ण फोनची रंगसंगती आपोआप बेतणारी योजना आणली होती. येथे मात्र एक बारकावा आहे. रंग निवडण्याचे काम वापरकर्त्याच्या नावाने यंत्रच करते. वापरकर्ता चित्र निवडतो आणि यंत्राने सुचवलेल्या छटांपैकी एक मान्य करतो.

रूपातील फेरबदल सर्वस्वी निरर्थक आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ मधील आयओएसच्या सातव्या आवृत्तीत पडदा आत-बाहेर सरकल्याचा भास निर्माण करणारी चलचित्रे होती. त्यामुळे मळमळ व चक्कर येत असल्याच्या तक्रारी अनेकांनी केल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ७.०.३ या आवृत्तीत हे चलन टाळण्याची सोय वाढवण्यात आली. सप्टेंबर २०२५ मधील सव्विसाव्या आवृत्तीत काचेसारखे पारदर्शक रूप आले. पार्श्वभूमीवर अक्षरे वाचता येत नाहीत अशी टीका झाली, आणि नोव्हेंबरमधील २६.१ मध्ये ही पारदर्शकता कमी करण्याचा पर्याय देण्यात आला. दोन्ही प्रसंगी फेरबदलाची मुभा ही अभिकल्पातील दोषावरचा उतारा म्हणून आली. रचनाकाराची अभिरुची आणि वाचणाऱ्याचे डोळे यांत विरोध निर्माण झाल्यास डोळ्यांचा शब्द अखेरचा असावा, एवढे तरी यातून मान्य झाले.

कळफलकाचे प्रकरण

मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने स्मार्टफोनमधील सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती, असे विचारल्यास उत्तर कळफलक हेच येईल. देवनागरीच्या कळफलकाला स्मार्टफोनपूर्वीचा इतिहास आहे. भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८० च्या दशकात शासकीय पातळीवर सिद्ध झाली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने आणि सर्व भारतीय लिप्यांत एका ध्वनीला एकच कळ, हे तिचे तत्त्व. दहा बोटांनी टंकलेखन करणाऱ्यासाठी ही मांडणी शास्त्रशुद्ध आहे. परंतु ती शिकावी लागते. तळहाताएवढ्या पडद्यावर एका अंगठ्याने लिहिणाऱ्या, टंकलेखनाशी कधीच संबंध न आलेल्या माणसाला तिचा शास्त्रशुद्धपणा उपयोगी पडत नाही.

दुसरा मार्ग रोमन लिपीतून लिप्यंतर करण्याचा. रोमन अक्षरांत उच्चार लिहायचा आणि यंत्राने त्याचे देवनागरी रूप द्यायचे. शहरी सुशिक्षितांत हा मार्ग कमालीचा रूढ झाला आहे. त्यात एक विचित्र अट दडलेली आहे, ती अशी की मराठी लिहिण्यासाठी आधी रोमन लिपी यावी लागते. ज्याचे शिक्षण मराठी शाळेत चौथी-पाचवीपर्यंत झाले आणि ज्याला आपली बाराखडी मुखोद्गत आहे, तो या व्यवस्थेत निरक्षर ठरतो.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने २०१३ मध्ये सिद्ध केलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक उल्लेखनीय ठरतो. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. ‘क’ वर बोट ठेवले की त्याभोवती एक चक्र उमटते आणि त्यात का, कि, की, कु अशी रूपे दिसतात. बोट हव्या त्या रूपाकडे सरकवले की काम झाले. जोडाक्षर लिहिताना पुढील व्यंजनांशी होणारी जोडणी आधीच पडद्यावर दिसते. पाटीवर बाराखडी गिरवलेल्या कोणालाही ही मांडणी शिकवावी लागत नाही; ती त्याला आधीपासूनच येत असते. परकीय यंत्राच्या रचनेशी जुळवून घेण्याऐवजी लिपीच्या अंगभूत रचनेतून साधन घडवण्याचे असे उदाहरण मराठीच्या संगणकीय इतिहासात विरळाच सापडेल.

‘स्वरचक्र’ २०१३ मध्ये लोकांच्या हाती पडू शकले, ते एकाच कारणाने. अँड्रॉइडने कळफलक बदलण्याची मुभा २००९ मध्येच देऊन ठेवली होती. आयफोनवर त्या वर्षी असा कळफलक देणे शक्यच नव्हते. तेथे ही मुभा २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीबरोबर आली. अँड्रॉइडच्या निर्मात्यांनी १.५ आवृत्ती बेतली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मराठी बाराखडी असण्याचा संभव नाही. त्यांनी फक्त एक दार उघडे ठेवले. कोण येईल हे ठाऊक नसताना उघडे ठेवलेले दार हीच खऱ्या फेरबदलाची खूण होय. होम स्क्रीनवरील छटांचे पर्याय मोजून दिलेले असतात. त्यांतून निर्मात्याला अनपेक्षित असे काहीच उद्भवू शकत नाही.

असे असले तरी, २०१४ मध्ये ॲपलने ज्या रीतीने हे दार उघडले ती रीत अधिक विचारपूर्वक होती, हे मान्य करावे लागेल. कळफलक म्हणजे लिहिणाऱ्याचे प्रत्येक अक्षर पाहणारा मध्यस्थ. पत्र, निदान, बँकेचा परवलीचा शब्द, सारे त्याच्या नजरेखालून जाते. अँड्रॉइडने बाहेरचा कळफलक सुरू करताना धोक्याची सूचना देणे पुरेसे मानले. आयओएसने मात्र परवलीच्या शब्दाच्या चौकटीत बाहेरचा कळफलक आपोआप बाजूला सारला आणि स्वतःचा पुढे केला. शिवाय वापरकर्त्याने ‘पूर्ण प्रवेश’ स्वतंत्रपणे दिल्याखेरीज बाहेरच्या कळफलकाला इंटरनेटशी संपर्कही साधता येत नाही. पाच वर्षे उशिरा का होईना, स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांची सांगड घालता येते याचा हा वस्तुपाठच होता. ‘सुरक्षिततेसाठी मुभा नाकारली’ हे विधान या उदाहरणानंतर तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाही.

ल, श आणि ऱ

कळफलकावर अक्षर उमटवता आले, तरी ते पडद्यावर कोणत्या वळणाने दिसावे हा प्रश्न उरतोच. मराठीत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाणीकृत वर्णमालेविषयी निर्णय काढला आणि २०२२ मध्ये तो सुधारून पुन्हा प्रसृत केला. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही ‘ल’ साठी संकेतांक एकच आहे. वळण कोणते दिसावे हे फॉन्टवर आणि मजकूर मराठी आहे ही खूण यंत्राला मिळते की नाही यावर अवलंबून असते. साध्या संदेशासोबत अशी खूण जात नाही. परिणामी मराठी माणसाने मराठी माणसाला पाठवलेले पत्र बहुधा फॉन्टकाराने ठरवलेल्या मूळ वळणातच वाचले जाते.

यावरचा सरळ उपाय म्हणजे वापरकर्त्याला आपला देवनागरी फॉन्ट निवडू देणे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट तयार केले आहेत. तेव्हा साहित्याची वानवा आहे असेही नाही. आयओएसच्या २०१९ मधील तेराव्या आवृत्तीपासून बाहेरचे फॉन्ट बसवता येतात, परंतु ते दस्तऐवज तयार करणाऱ्या ॲपपुरते. संदेश, यादी, सूचना अशा सर्वत्र दिसणाऱ्या मजकुराचा फॉन्ट बदलण्याची सोय तेथे २०२५ पर्यंतच्या आवृत्त्यांत देण्यात आली नव्हती. अँड्रॉइडवर ही सोय फोन बनवणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर आहे. काही कंपन्या आपल्या दुकानातील फॉन्ट लावू देतात, काही देत नाहीत.

याउलट, आयओएसच्या अठराव्या आवृत्तीने लॉक स्क्रीनवरील घड्याळ देवनागरी अंकांत दाखवण्याची सोय दिली. ती सुखद आहे यात शंका नाही. त्याच आवृत्तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी वर्णक्रमाचा कळफलकही आला, आणि त्याचे मोल घड्याळाहून कितीतरी अधिक आहे. जाहिरातीत दिसायला घड्याळ अधिक देखणे, एवढेच.

‘ऱ’ आणि ‘ॲ’ या अक्षरांची कथाही अशीच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा भेद लिहिण्यासाठी ‘ऱ’ हाताशी हवा. केवळ हिंदीसाठी बेतलेल्या मांडणीत तो चटकन सापडत नाही. ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी ‘अ’ वर चंद्र देऊन ते अक्षर साधले जाई, आणि आजही कित्येक ठिकाणी तसेच साधले जाते. दोन्ही रीतींनी लिहिलेला ‘ॲप’ हा शब्द डोळ्यांना एकच दिसतो, साध्या शोधात मात्र ते दोन भिन्न शब्द ठरतात. महाविद्यालयीन ग्रंथालयाची मराठी सूची फोनवरून चाळताना एखादे पुस्तक का सापडत नाही, याचे कारण कधी कधी इतके क्षुल्लक असते. कोणता कळफलक कोणती रीत वापरतो हे वापरकर्त्याला कोठेही सांगितले जात नाही, मग निवडू देण्याची गोष्ट दूरच.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ मधील मानकाने (आयएस १६३३३, भाग ३) भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये २२ भारतीय भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे, अशी अपेक्षा ठेवली. हे पाऊल आवश्यकच होते. पण मानक किमान मर्यादा आखते. ‘मराठी लिहिता येते’ या एका ओळीत इनस्क्रिप्ट, लिप्यंतर आणि स्वरचक्र यांतील अंतर मावत नाही.

मुभा कोणाला?

आतापर्यंतच्या विवेचनावरून अँड्रॉइडचा मोकळेपणा निर्विवाद श्रेष्ठ आहे असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो टाळला पाहिजे. अँड्रॉइडमधील फेरबदलाचा सर्वाधिक लाभ उठवला तो वापरकर्त्याने नव्हे, तर फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी. प्रत्येकीने आपला मुलामा चढवला, आपली दुकाने बसवली आणि स्वस्त फोनमध्ये तर वापरकर्त्याला काढता न येणारी ॲप आणि न मागितलेल्या जाहिरातीही भरल्या. मुभा होती, पण ती दुसऱ्याच कोणाच्या हातात होती. याला सन्माननीय अपवादही आढळतात. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या ‘इंडस ओएस’ ने अँड्रॉइडच्याच पायावर मराठीसह भारतीय भाषांना केंद्रस्थानी ठेवणारी कार्यप्रणाली २०१५ पासून मायक्रोमॅक्सच्या फोनवर दिली. कार्यप्रणाली म्हणून ती पुढे टिकली नाही. ‘फोनपे’ ने ती कंपनी २०२२ मध्ये घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘इंडस ॲपस्टोअर’ हे ॲपचे दुकान उघडले. ज्या प्रयोगाचा हेतू संपूर्ण फोन मराठीत बोलता करण्याचा होता, तो अखेरीस दुकानाच्या रूपाने उरला.

शासनालाही वापरकर्त्याच्या पडद्यावर जागा हवी असते. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे ॲप पूर्वस्थापित असावे असा आदेश दिला आणि विरोध झाल्यावर डिसेंबरच्या आरंभी पूर्वस्थापनेची सक्ती मागे घेतली. ॲपचा हेतू चांगला असणे आणि ते ठेवायचे की नाही हे मालकाने ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फेरबदलाच्या विरोधकांचा मानसशास्त्रीय युक्तिवादही येथे तपासावयास हवा. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दुकानातील ग्राहकांपुढे कधी २४ तर कधी ६ प्रकारचे जॅम मांडले होते. २४ प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनी, तर ६ प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी खरेदी केली. पर्याय वाढले की निवड खुंटते, या मताचा हा आवडता पुरावा. मात्र २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा हा परिणाम सरासरीने जवळपास शून्य भरला. शिवाय जॅमच्या बरण्या ग्राहकाच्या डोळ्यांसमोर मांडलेल्या होत्या. कळफलक बदलण्याची मुभा कोणाच्याही डोळ्यांसमोर मांडावी लागत नाही. ज्याला नको त्याने त्या दालनात जाऊ नये. ओझ्याचा युक्तिवाद रंगछटांच्या लांबलचक यादीला लागू पडेल, कळफलकाला नाही.

सुरक्षिततेचा युक्तिवाद अधिक भक्कम आहे. बँक, वीज मंडळ किंवा वाहतूक पोलीस यांच्या नावाने संदेशातून ॲपची फाइल पाठवायची आणि ती बसवून घेऊन खाते रिकामे करायचे, हा फसवणुकीचा प्रकार भारतात सर्वपरिचित झाला आहे. निवृत्तिवेतनावर जगणारा वृद्ध अशा फाइलवर बोट ठेवतो तेव्हा ‘मालकाचा अधिकार’ हा शब्द पोकळ वाटतो. या हानीकडे दुर्लक्ष करून मोकळेपणाचा कैवार घेणे अभ्यासकाला शोभणारे नाही. परंतु उपाय कोणता, हा प्रश्न उरतोच. कळफलकाच्या बाबतीत धोक्याची नेमकी जागा शोधून तेवढ्यापुरती मर्यादा घालता आली होती.

कायद्याने उघडलेली दारे

आजवर कंपन्यांनी स्वखुशीने काय दिले आणि दडपणाखाली काय दिले, याची तुलना उद्बोधक आहे. रंग, छटा, घड्याळ, मोकळी जागा, ही सारी स्वखुशीची देणी. दुसऱ्या बाजूची कहाणी न्यायासनांसमोर घडली.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडसंबंधीच्या प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि वर्तन सुधारण्यासाठी अनेक निर्देश दिले. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतापुरते काही बदल जाहीर केले. फोन बनवणाऱ्यांना गूगलची ॲप सुटी-सुटी घेता येतील आणि वापरकर्त्याला पूर्वनियोजित शोधयंत्र निवडता येईल, हे त्यांतील प्रमुख. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र चार निर्देश रद्द केले. पूर्वस्थापित ॲप काढून टाकण्याची मुभा आणि दुकानाबाहेरून ॲप वितरित करण्याची मुभा यांविषयीचे निर्देश या चारांत होते. म्हणजे वापरकर्त्याच्या प्रत्यक्ष हाताशी संबंधित असलेले निर्देशच गळाले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

युरोपीय संघात डिजिटल बाजारपेठांविषयीच्या कायद्याचे पालन मोठ्या कंपन्यांना ७ मार्च २०२४ पासून बंधनकारक झाले. त्याच महिन्यात आलेल्या आयओएस १७.४ ने तेथील वापरकर्त्यांना ॲपची अन्य दुकाने, ब्राउझर निवडण्याचा पडदा आणि ॲपलखेरीज अन्य ब्राउझर-यंत्रणेची मुभा दिली. ही मुभा युरोपपुरतीच मर्यादित ठेवण्यात आली. बर्लिनमधील आयफोन आणि कोल्हापुरातील आयफोन यांत तेच यंत्र, तीच आवृत्ती असूनही मालकाचे अधिकार वेगळे झाले. जे बर्लिनमध्ये चालते ते कोल्हापुरात तांत्रिक कारणाने अशक्य आहे, असे यानंतर कोणालाही म्हणता येणार नाही.

स्वखुशीने दिलेली मुभाही किती काळजीपूर्वक दिली जाते, याचे एक लहानसे उदाहरण नोंदवण्याजोगे आहे. आयओएसच्या चौदाव्या आवृत्तीने पूर्वनियोजित ब्राउझर आणि मेलचे ॲप बदलण्याची सोय प्रथमच दिली. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की वापरकर्त्याची निवड पुसली जाऊन ॲपलचीच ॲप पुन्हा जागेवर येत. हा दोष काही दिवसांतच १४.०.१ मध्ये दुरुस्त झाला आणि तो हेतुपुरस्सर होता असे मानण्यास आधार नाही. पण विजेटच्या बाबतीत असा दोष तपासणीतून सुटला असता काय, अशी शंका येते.

विशेष म्हणजे दारे एकाच दिशेने उघडत आहेत असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसवले जाणारे प्रत्येक ॲप, मग ते दुकानातून येवो की बाहेरून, ओळख पटवलेल्या निर्मात्याचेच असावे लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथे आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने अन्यत्र. कारण म्हणून फसवणुकीचाच दाखला देण्यात आला. टीकेनंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, जाणकार वापरकर्त्यांना धोका पत्करून असे ॲप बसवता येईल असा मार्ग ठेवण्याचे आश्वासन मिळाले; विद्यार्थी व हौशी निर्मात्यांसाठी मर्यादित वितरणाचे वेगळे खाते देण्याचेही सांगण्यात आले. एखाद्या महाविद्यालयातील भाषाविभागाने अहिराणी किंवा वऱ्हाडीच्या शब्दसंग्रहाचा कळफलक तयार करून तो आपल्या तालुक्यातील शाळांना द्यायचे ठरवले, तर त्याला यांपैकी कोणत्या दारातून जावे लागेल, आणि ‘मर्यादित’ म्हणजे किती फोन, हे त्या विभागाला काम हाती घेण्यापूर्वीच विचारावे लागेल. २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ तयार करणाऱ्यांना हा प्रश्न पडला नव्हता.